पॅकेजसाठी ऑपरेटिंग सिस्टीम जाहीर करणे (एनपीएम): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचं पॅकेज (दुसऱ्यांनाही वापरता येईल असा तयार कोड) एनपीएमवर, म्हणजे नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) पॅकेजांच्या भांडारावर, टाकणाऱ्यांकडून आणि दुसऱ्याचं पॅकेज इन्स्टॉल करताना अडकलेल्यांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे सोप्यापासून किचकटापर्यंत लावले आहेत. कमांड आणि फील्डची नावं वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत आणि बहुतेक छोट्या अक्षरांत ("ऑप्शनल डिपेन्डन्सीज" मात्र एकच जोडशब्द, आणि त्यातला डी मोठा).

१. पॅकेज.जेसनमधलं "ओएस" हे फील्ड नेमकं काय करतं?

पॅकेज.जेसन ही पॅकेजची माहिती लिहिलेली फाइल. आपलं पॅकेज कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर इन्स्टॉल होऊ द्यायचं, ते यात सांगायचं. उदाहरणार्थ `"ओएस": ["डार्विन", "लिनक्स"]`. डार्विन म्हणजे मॅक. असं पॅकेज कुणी विंडोजवर इन्स्टॉल करायला गेलं की एनपीएम तिथेच थांबतं आणि ईबॅडप्लॅटफॉर्म हा एरर देतं. फील्ड लिहिलंच नसेल तर पॅकेज सगळीकडे चालतं असं धरलं जातं.

बऱ्याच जणांचा समज असतो की ही नुसती माहिती आहे, रीडमीमधल्या "टेस्टेड ऑन" ओळीसारखी. तसं नाही. हे फील्ड वापरणाऱ्याला अडवतं.

२. माझं पॅकेज साधं जावास्क्रिप्ट आहे. मी फक्त उबुंटूवर तपासलंय. "ओएस" मध्ये लिनक्स लिहू का?

नको. तपासलं नाही म्हणजे चालत नाही असं नव्हे. तुम्ही लिनक्स लिहिलंत की विंडोजवर बिनबोभाट चाललं असतं असं पॅकेजही तिथल्या माणसाला मिळणार नाही, आणि तो तुम्हाला बग कळवण्याऐवजी दुसरं पॅकेज शोधेल. "ओएस" तेव्हाच भरा, जेव्हा पॅकेज दुसरीकडे चालणं मुळातच शक्य नसतं: आत त्या सिस्टीमसाठी कंपाइल केलेली बायनरी (थेट चालणारी फाइल) आहे, मॅकच्या कीचेनशी (पासवर्डच्या तिजोरीशी) बोलायचं आहे, विंडोजच्या रजिस्ट्रीत लिहायचं आहे. बाकी सगळ्याला रीडमी पुरतं.

३. मी "विंडोज" आणि "मॅकओएस" असं लिहिलं. आता पॅकेज कुठेच इन्स्टॉल होत नाही. का?

कारण एनपीएम ही नावं ओळखत नाही. नोडमधल्या प्रोसेस.प्लॅटफॉर्म या व्हॅल्यूशी ते तुमची यादी अक्षरशः ताडून पाहतं. तिथे विंडोज म्हणजे विन३२, मॅक म्हणजे डार्विन. बाकीची नेहमीची नावं: लिनक्स, अँड्रॉइड, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, एआयएक्स, सनओएस. पब्लिश करताना कुणी ही नावं तपासत नाही, त्यामुळे चूक पहिल्या वापरणाऱ्याच्या मशीनवरच कळते. खात्री करायची तर त्या मशीनवर `नोड -पी प्रोसेस.प्लॅटफॉर्म` चालवा आणि जे छापून येईल तेच लिहा.

४. माझं विंडोज ६४ बिटचं आहे. तरी विन३२च लिहायचं?

हो. ६४ बिट विंडोजवरही नोड विन३२च सांगतो. बिटांचा हिशेब "सीपीयू" फील्डमध्ये असतो: एक्स६४, आर्म६४, आयए३२ वगैरे. विन६४ असं काही नाही.

५. बाकी सगळीकडे चालू दे, फक्त विंडोज वगळायचं आहे. कसं लिहू?

नावाआधी उद्गारचिन्ह द्या: `"ओएस": ["!विन३२"]`. यादीत सगळी नावं उद्गारचिन्हाची असतील तर त्यांच्याशिवाय बाकी सगळ्यांना परवानगी मिळते.

गडबड होते ती सरमिसळ केल्यावर. `["लिनक्स", "!विन३२"]` असं लिहिलं तर मॅकवर काय होईल? नकार मिळेल. एकही नाव उद्गारचिन्हाशिवाय आलं की ती "फक्त यांनाच" अशी यादी होते आणि विंडोजला वेगळं वगळण्याला अर्थच उरत नाही. कुठला तरी एकच प्रकार वापरा.

६. "इंजिन्स" मध्ये नोडची आवृत्ती चुकली तर नुसती वॉर्निंग येते. "ओएस" चुकलं तर एरर का?

एनपीएमने ते तसंच ठेवलं आहे. "इंजिन्स" ही शिफारस असते; वापरणाऱ्याने त्याच्या कॉन्फिगमध्ये इंजिन-स्ट्रिक्ट चालू केलं असेल तरच तिथे काम थांबतं. "ओएस", "सीपीयू" आणि "लिबसी" (प्रश्न १२ पाहा) यांना अशी सवलत नाही. म्हणूनच प्रश्न २ मध्ये जपून लिहा म्हटलं. नोड २० लागतो असं लिहिलंत आणि कुणाकडे १८ असेल, तर तो वॉर्निंगकडे दुर्लक्ष करून पुढे जातो. "ओएस" बाबत त्याला तसं जाता येत नाही.

७. ईबॅडप्लॅटफॉर्म आला आहे. --फोर्स लावून इन्स्टॉल करू का?

आधी एरर नीट वाचा. त्यात पॅकेजचं नाव, त्याला हवी असलेली सिस्टीम आणि तुमची सध्याची सिस्टीम, तिन्ही गोष्टी असतात. "हवं: डार्विन, सध्या: विन३२" अशा अर्थाची ती ओळ असते आणि निम्मं उत्तर तिच्यातच असतं.

--फोर्सने इन्स्टॉल होतं, हे खरं. पण आत मॅकची बायनरी असेल तर ती विंडोजवर चालणार नाही. एरर इन्स्टॉलच्या वेळी यायचा तो प्रोग्रॅम चालवताना येईल, तोही जास्त बुचकळ्यात टाकणारा. शिवाय --फोर्स एनपीएमचे इतरही बरेच अडथळे एकदमच काढून टाकतं. लेखकाने प्रश्न २ मधली चूक केली आहे अशी खात्री असेल तेवढ्यापुरतं ते वापरा. सीआयच्या (कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या सर्व्हरच्या) स्क्रिप्टमध्ये कायमचं लिहून ठेवू नका.

८. माझ्या पॅकेजात "ओएस" लिहिलेलंच नाही. तरी विंडोजवाल्यांना एरर येतो. हे कसं?

तुमच्या डिपेन्डन्सीपैकी (तुमचं पॅकेज ज्या दुसऱ्या पॅकेजांवर अवलंबून आहे त्यांपैकी) कुणीतरी ते लिहिलं आहे. साध्या डिपेन्डन्सीत एक जरी पॅकेज फक्त मॅकचं असेल तर तुमचं पॅकेजही फक्त मॅकचं झालं, मग तुम्ही काही लिहा अथवा न लिहा.

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे एफएसइव्हेंट्स. मॅकवर फाइल बदलल्याची खबर पटकन मिळावी म्हणून ते वापरतात आणि त्याच्या "ओएस" मध्ये एकटं डार्विन आहे. रोलअप आणि व्हीट ही दोन्ही बिल्ड टूल्स ते वापरतात, तरी पुण्यातल्या लॅबमध्ये विंडोजवर व्हीट सुखाने चालतं. कारण त्यांनी ते "ऑप्शनल डिपेन्डन्सीज" मध्ये ठेवलं आहे. तिथल्या पॅकेजची सिस्टीम जुळली नाही तर एनपीएम एरर न देता ते गाळून पुढे जातं. वर्षानुवर्षं विंडोज आणि लिनक्सवर "एफएसइव्हेंट्स वगळत आहोत" अशी पिवळी ओळ दिसायची आणि नवखी मुलं घाबरायची. ती ओळ म्हणजे सगळं ठीक चाललं आहे याची खूण होती.

दोन गोष्टी मात्र तुमच्या अंगावर येतात. पहिली: पॅकेज नसण्याची तयारी तुमच्या कोडमध्ये हवी. ते सरळ वर इम्पोर्ट करू नका. ट्राय-कॅचमध्ये घ्या आणि नसेल तर पर्यायी रस्ता ठेवा. दुसरी जास्त त्रासदायक आहे. ऑप्शनल म्हटलं की एनपीएम सिस्टीम न जुळण्याबरोबर बाकीची अपयशंही गिळतं. मॅकवर ते कंपाइल होताना फसलं, तरी इन्स्टॉल यशस्वीच दाखवलं जाईल. म्हणून कॅचमध्ये गप्प बसू नका, निदान एक ओळ छापा.

आणि तेच पॅकेज साध्या आणि ऑप्शनल अशा दोन्ही याद्यांत असेल तर ऑप्शनलची नोंद धरली जाते.

९. लिनक्सवर एक्स६४ आणि मॅकवर आर्म६४, एवढ्या दोनच जोड्या मला चालवायच्या आहेत. एका पॅकेजमध्ये हे कसं सांगू?

सांगता येत नाही. "ओएस" आणि "सीपीयू" या दोन वेगवेगळ्या चाळण्या आहेत आणि दोन्हींतून पार पडलं तरच इन्स्टॉल होतं. `"ओएस": ["लिनक्स", "डार्विन"]` आणि `"सीपीयू": ["एक्स६४", "आर्म६४"]` लिहिलंत की चारही जोड्यांना परवानगी मिळते. जोड्या लिहायची सोयच नाही.

त्यामुळे पॅकेजच फोडावं लागतं. ईएसबिल्ड या बिल्ड टूलने २०२१ मध्ये ०.१३ आवृत्तीपासून हेच केलं. त्याआधी इन्स्टॉल झाल्यावर पोस्टइन्स्टॉल स्क्रिप्ट चालून योग्य बायनरी आणली जायची. ज्या कंपन्यांत स्क्रिप्ट बंद असतात किंवा प्रॉक्सीमागे इंटरनेट असतं, तिथे ते अडायचं. नव्या रचनेत प्रत्येक जोडीचं एक छोटं पॅकेज असतं: आत फक्त बायनरी, "ओएस" मध्ये एकच नाव, "सीपीयू" मध्ये एकच नाव. मुख्य पॅकेजला "ओएस" नसतं. ते ही सगळी छोटी पॅकेजं ऑप्शनल डिपेन्डन्सीज म्हणून मागतं, एनपीएम जुळणारं तेवढं ठेवतं आणि मुख्य पॅकेज चालताना जे मिळालं ते उचलतं. शार्प, रोलअप, एसडब्ल्यूसी हे सगळे आज याच वाटेने जातात.

तुम्ही हे करणार असाल तर छोट्या पॅकेजांच्या आवृत्त्या मुख्य पॅकेजात अगदी नेमक्या लिहा, टोपीचं चिन्ह (^, म्हणजे "ही किंवा थोडी पुढची") वगैरे नको. पब्लिश करताना आधी छोटी पॅकेजं, शेवटी मुख्य. उलट केलंत तर मधल्या काही मिनिटांत इन्स्टॉल करणाऱ्याला बायनरीच मिळणार नाही, आणि ऑप्शनल असल्यामुळे त्याला इन्स्टॉल करताना ते कळणारही नाही. एकही बायनरी सापडली नाही तर काय करायचं, याचा सरळ शब्दांतला संदेश मुख्य पॅकेजात ठेवा. त्यात ऑप्शनल पॅकेजं गाळणाऱ्या `--ओमिट=ऑप्शनल` चा उल्लेख हवाच. "ऑप्शनल म्हणजे नको असलेलं" असं समजून डॉकर इमेज (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) छोटी करायला ते लावणारे बरेच असतात.

१०. माझ्या विंडोज लॅपटॉपवर बिल्ड होतो, पण सीआयमध्ये "रोलअप-लिनक्स-एक्स६४-जीएनयू सापडत नाही" येतं. लिनक्स तर त्यांच्या यादीत आहे ना?

आहे. तुमच्या लॉकफाइलमध्ये मात्र नाही.

लॉकफाइल म्हणजे पॅकेज-लॉक.जेसन, नेमक्या कोणत्या आवृत्त्या घ्यायच्या त्याची यादी. ती नीट तयार झाली असेल तर तिच्यात सगळ्या सिस्टीमची छोटी पॅकेजं असतात, प्रत्येकाच्या नोंदीत त्याचं "ओएस", "सीपीयू" आणि "ऑप्शनल": ट्रू. प्रत्यक्ष डिस्कवर यातलं तुमचं तेवढंच उतरतं. लॉकफाइल उडवली पण नोड_मोड्यूल्स (पॅकेजं उतरतात ते) फोल्डर तसंच ठेवलं, की गडबड होते. एनपीएम नवी लॉकफाइल बनवताना त्या फोल्डरमध्ये काय आहे ते पाहतं. तिथे फक्त विंडोजचं पॅकेज असतं, म्हणून लॉकमध्येही तेवढंच जातं. मग लिनक्सवरचं `एनपीएम सीआय` लॉकमध्ये जे आहे तेवढंच इन्स्टॉल करतं. रोलअपच्या एररमध्येच एनपीएमच्या या बगचा क्रमांक दिलेला असतो: ४८२८.

उपाय त्या एररमध्येही आहे: लॉकफाइल आणि नोड_मोड्यूल्स दोन्ही काढा आणि पुन्हा इन्स्टॉल करा. पण असं केलं की बाकीच्या डिपेन्डन्सीही पुढे सरकू शकतात, हे रिलीजच्या आदल्या दिवशी नको असतं. तेव्हा जुन्या कमिटमधली धड लॉकफाइल परत आणून त्यावर `एनपीएम इन्स्टॉल` करणं बरं. तेही जमत नसेल तर हवं असलेलं लिनक्सचं पॅकेज स्वतःच्या ऑप्शनल डिपेन्डन्सीजमध्ये नेमक्या आवृत्तीसह लिहा. दिसायला ओबडधोबड आहे, पण चालतं. फक्त रोलअपची आवृत्ती बदलली की तीही बदलायला विसरू नका.

कमिट करण्याआधी लॉकफाइलचा डिफ बघायची सवय लावा. "ओएस" असलेल्या डझनभर नोंदी एकदम लाल, म्हणजे गायब, झाल्या असतील तर हेच घडलं आहे.

११. सगळं बरोबर इन्स्टॉल झालं. डॉकरमध्ये किंवा डब्ल्यूएसएलमध्ये मात्र "दुसऱ्या प्लॅटफॉर्मसाठी इन्स्टॉल केलं आहे" असं येतं.

"ओएस" ची तपासणी इन्स्टॉलच्या वेळी होते, नंतर नाही. एका सिस्टीमवर तयार झालेलं नोड_मोड्यूल्स उचलून दुसरीकडे नेलं की हा एरर येणारच. डॉकरमध्ये हे नकळत होतं: "कॉपी . ." या ओळीने मॅकवरचं फोल्डर इमेजमध्ये जातं आणि आत नुकतंच झालेलं इन्स्टॉल झाकून टाकतं. डॉट-डॉकरइग्नोर फाइलमध्ये नोड_मोड्यूल्स लिहा.

डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) नोड लिनक्सच सांगतो, कारण तिथे खरंच लिनक्स असतं. पण विंडोजचा पाथही त्यात जोडला जातो, त्यामुळे आत नोड टाकलेला नसेल तर `एनपीएम` लिहिल्यावर विंडोजचं एनपीएम चालू शकतं. `विच एनपीएम` ने माउंट-सी पासून सुरू होणारा पत्ता दाखवला तर तेच झालं आहे.

तिसरा प्रकार एम१ किंवा त्यापुढच्या चिपच्या मॅकवरचा. नोडची इंटेल आवृत्ती रोझेटामधून (इंटेलचे प्रोग्रॅम या मॅकवर चालवायची सोय) चालत असेल तर तो सीपीयू एक्स६४ सांगतो आणि पॅकेजंही त्याच हिशेबाने येतात. नंतर नोड बदलला की नोड_मोड्यूल्स काढून पुन्हा इन्स्टॉल करा.

१२. अल्पाइन हे लिनक्सच ना? मग पॅकेज इन्स्टॉल होऊनही बायनरी का चालत नाही?

लिनक्सच आहे, म्हणून "ओएस" ची तपासणी पार होते. पण डेबियन, उबुंटू, फेडोरा यांची सी लायब्ररी जीलिबसी आहे आणि अल्पाइनची मसल. एकीवर कंपाइल केलेलं सहसा दुसरीवर चालत नाही. यासाठी "लिबसी" हे वेगळं फील्ड आहे. त्यात जीलिबसी किंवा मसल लिहायचं आणि ते लिनक्सपुरतंच पाहिलं जातं. शार्पची लिनक्ससाठीची पॅकेजं अशीच दोन प्रकारांत येतात. जुन्या एनपीएमला हे फील्ड कळत नाही, ते दोन्ही उतरवून घेतं. तेव्हा मुख्य पॅकेजाने चालतानाही एकदा खात्री करून घ्यावी.

१३. मोबाइलवर टर्मक्समध्ये शिकतोय. जवळजवळ प्रत्येक टूलला एरर येतो. लॅपटॉप नाही, काय करू?

टर्मक्स म्हणजे अँड्रॉइडवरचं टर्मिनल ॲप. त्यातला नोड स्वतःला अँड्रॉइड म्हणवतो. ज्या पॅकेजने फक्त लिनक्स लिहिलं, ते तुम्हाला नाकारतं. `--ओएस=लिनक्स` देऊन फसवता येतं, पण ती बायनरी जीलिबसी मागते आणि अँड्रॉइडवर सी लायब्ररी तिसरीच असते, त्यामुळे उपयोग होत नाही. टर्मक्समध्ये प्रूट-डिस्ट्रो टाकून त्यात डेबियन किंवा उबुंटू घ्या आणि नोड त्याच्या आत टाका. तिथे तो लिनक्स सांगतो आणि आर्म६४ची बरीच पॅकेजं चालतात. हळू चालतं, पण शिकायला पुरतं.

पॅकेज लिहिणाऱ्यांनो, बायनरी नसलेल्या पॅकेजात लिनक्स लिहून या मुलांना उगाच अडवू नका.

१४. "विंडोज १० आणि पुढे" किंवा "फक्त उबुंटू" असं जाहीर करता येतं का?

नाही. "ओएस" मध्ये आवृत्ती नाही आणि लिनक्समध्ये डिस्ट्रो नाही. थोडाफार आडवाटेने परिणाम "इंजिन्स" मुळे होतो: नोड १४ पासून विंडोज ७ ला आधार नाही, म्हणजे नोड १४ मागितला की विंडोज ७ वाल्याला निदान वॉर्निंग येते. याहून बारीक हवं असेल तर प्रोग्रॅम सुरू होताना नोडच्या ओएस मोड्यूलमधल्या रिलीज फंक्शनने आवृत्ती पाहा आणि समजेल असा संदेश देऊन थांबा.

१५. "ओएस" मध्ये तिन्ही सिस्टीम आहेत. तरी लिनक्सवर माझीच फाइल सापडत नाही.

याचा "ओएस" शी संबंध नाही. फाइलचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं आणि इम्पोर्टमध्ये छोटं लिहिलं असेल. विंडोज आणि मॅक सहसा ते चालवून घेतात, लिनक्स घेत नाही. तसंच उलट बाजूने: स्क्रिप्टमध्ये `आरएम -आरएफ` लिहिलं की विंडोजवाले अडतात, कारण तिथे स्क्रिप्ट सीएमडीमध्ये चालतात. रिमराफ आणि क्रॉस-एन्व्ह ही पॅकेजं याचसाठी आहेत. अशा चुकांवर उपाय म्हणून विंडोजच वगळणारी पॅकेजं पाहिली आहेत. पाच मिनिटांची दुरुस्ती टाळायला निम्मे वापरणारे घालवण्याचा प्रकार आहे तो.

१६. चुकीचं "ओएस" पब्लिश झालं. दुरुस्त कसं करू?

झालेली आवृत्ती बदलता येत नाही, आणि ती काढून टाकली तरी तोच क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. नवी आवृत्ती काढा आणि चुकीचीवर `एनपीएम डेप्रिकेट` ने सूचना लावा. पब्लिश झाल्यावर `एनपीएम व्ह्यू` पुढे पॅकेजचं नाव आणि `ओएस सीपीयू` लिहून एनपीएमच्या रजिस्ट्रीत (भांडारात) काय गेलं ते पाहा.

सिस्टीम वाढवत असाल तर मायनर आवृत्ती (मधला आकडा) पुरते. कमी करत असाल, किंवा आधी मोकळ्या असलेल्या पॅकेजात पहिल्यांदाच "ओएस" घालत असाल, तर मेजर (पहिला आकडा) वाढवा. काल चालणारं इन्स्टॉल आज कुणाचं तरी थांबणार आहे.

१७. विंडोजवर बसून लिनक्स सर्व्हरसाठी पॅकेजं उतरवायची आहेत. जमेल?

नव्या एनपीएममध्ये जमतं: `एनपीएम इन्स्टॉल --ओएस=लिनक्स --सीपीयू=एक्स६४ --लिबसी=जीलिबसी`. तयार बायनरी असलेल्या, म्हणजे प्रश्न ९ मधल्या रचनेच्या पॅकेजांना हे लागू पडतं. इन्स्टॉल करताना कंपाइल होणाऱ्यांना नाही. ती तुमच्याच मशीनसाठी कंपाइल होतात. पीएनपीएम आणि नवं यार्न या एनपीएमच्या पर्यायांमध्ये याचसाठी सपोर्टेड-आर्किटेक्चर्स ही सेटिंग आहे, आणि तिच्यात एकाहून जास्त सिस्टीम एकदम देता येतात.

१८. पायथॉनमध्येही असंच असतं का?

तिथे एकाच कामाचे तीन तुकडे आहेत. क्लासिफायर्समध्ये (पॅकेजवरच्या लेबलांत) "ऑपरेटिंग सिस्टीम" लिहिता येतं, पण ते पायपीआयवर (पायथॉनच्या पॅकेजांच्या भांडारावर) दाखवण्यापुरतं. पिप, म्हणजे तिथलं इन्स्टॉल करणारं टूल, त्यावरून कुणाला अडवत नाही. खरी निवड व्हील फाइलच्या (तयार बांधलेल्या पॅकेजच्या) नावावरून होते. त्या नावात सिस्टीम, सीपीयू आणि प्रश्न १४ मध्ये नाही म्हटलेली आवृत्तीसुद्धा असते: मेनीलिनक्स २.१७ म्हणजे जीलिबसी २.१७ किंवा पुढची, मॅकओएस ११.० म्हणजे ११ किंवा पुढचं. अल्पाइनसाठी मसललिनक्स वेगळं.

तिसरा तुकडा डिपेन्डन्सीपुढच्या अटीचा. विंडोजवर `पिप फ्रीझ` करून बनवलेल्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये पायविन३२ येतं आणि लिनक्स सर्व्हरवर इन्स्टॉल फसतं. त्या ओळीपुढे अर्धविराम देऊन `सिस_प्लॅटफॉर्म == 'विन३२'` लिहा; लिनक्सवर पिप ती ओळ सोडून देतं.